पाळणे आणि बाळगणे

मराठीत ‘पाळणे’ हे क्रियापद विलक्षण व्यापक आहे. आपण गाय पाळतो, पोपट पाळतो; त्याचप्रमाणे शब्द पाळतो, व्रत पाळतो, पथ्य पाळतो आणि साधल्यास वेळही पाळतो. प्राण्यास पोसणे आणि वचनास जागणे या दोन अगदी भिन्न क्रिया एकाच शब्दात कशा सामावल्या, असा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. याच्या शेजारचे दुसरे क्रियापद ‘बाळगणे’ हे होय. शस्त्र बाळगतात, पैसा बाळगतात, राग आणि भीतीही बाळगतात. जी वस्तू आपल्यापाशी असते, पण जिच्याविषयी आपले काही देणे लागत नाही, ती आपण बाळगतो. जिच्याविषयी देणे लागते, ती पाळतो. व्यवहारात हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात आणि ‘कुत्रा बाळगला आहे’ असे म्हणणारा मनुष्य काही चुकीचे मराठी बोलत नाही. तथापि शब्दांची सरमिसळ झाली म्हणून कर्तव्यांची सरमिसळ होऊ द्यावी काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

या प्रश्नाची परीक्षा गाईवर किंवा कुत्र्यावर नीट होत नाही. गाय दूध देते, कुत्रा शेपूट हलवितो, पोपट चार शब्द बोलतो; त्यांच्याविषयीची आपली आस्था कितपत निर्मळ आहे आणि कितपत परतफेडीच्या आशेने उपजली आहे, हे सांगणे कठीण. परीक्षेसाठी असा प्राणी हवा की ज्यास मुख आहे पण मुद्रा नाही, जो धन्यास ओळखीत नाही, हाकेस ओ देत नाही आणि दुखले तर ओरडतही नाही. असा प्राणी सृष्टीत आहे, आणि हल्ली तो हौशी लोकांच्या दिवाणखान्यांतही आढळू लागला आहे. तो म्हणजे समुद्रपुष्प, अर्थात सी-ॲनिमोन.

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातील बपेरा या गावी हा विषय काढला तर ऐकणारा हसेल. येथून समुद्र कोणत्याही दिशेस शेकडो मैल दूर. परंतु आम्हांस हे अंतर विषयास पोषकच वाटते. किनाऱ्यावरच्या मनुष्याने समुद्रपुष्प पाळले आणि ते त्यास झेपेनासे झाले, तर चार पावले चालून तो ते खडकात परत ठेवील. बपेऱ्यात ज्याने ते आणले, त्याला परतीचा मार्ग नाही. त्याने काय केले आहे, याचा स्वच्छ अर्थ त्यालाच कळण्याचा संभव अधिक.

प्रथम या प्राण्याची ओळख करून देणे अवश्य आहे. नावात पुष्प असले तरी ही वनस्पती नव्हे. पोवळे आणि जेलीफिश यांच्या कुळातला हा प्राणी एका मांसल पायथ्याने खडकास चिकटून राहतो. वरच्या टोकास तोंड, आणि तोंडाभोवती पाकळ्यांसारखी दिसणारी शुंडके. या शुंडकांत असंख्य सूक्ष्म दंशपेशी असतात. लहान मासा किंवा झिंगा यांचा स्पर्श होताच त्या पेशींतून विषारी सूत्रे सुटतात आणि भक्ष्य लुळे पडते. अन्न आत घेण्यास आणि उरलेले बाहेर टाकण्यास एकच वाट. मेंदू नाही, हृदय नाही, डोळे नाहीत. केवळ मज्जातंतूंचे एक जाळे सर्वांगात पसरलेले. मुंबईस गिरगाव, हाजी अली, जुहू येथे ओहोटीच्या वेळी खडकांच्या डबक्यांत ही जात पाहावयास मिळते. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाचे लोक सामान्य नागरिकांना अशा खडकांवर नेऊन, काहीही न उचलता, केवळ पाहावयास शिकवीत आले आहेत.

उष्ण समुद्रांतील काही जातींचा आणखी एक विशेष आहे. त्यांच्या ऊतींत एकपेशीय शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानास देतात. शिवाय या समुद्रपुष्पांपैकी दहा जाती अशा आहेत की ज्यांच्या विषारी शुंडकांत क्लाउनफिश नावाचा नारिंगी पट्ट्यांचा मासा निर्भयपणे घर करतो. मासा पाहुण्यांस हुसकावून लावतो, त्याच्या विष्ठेने शैवलांस खत मिळते, आणि त्याला आयता किल्ला लाभतो. २००३ साली निघालेल्या ‘फाइंडिंग नेमो’ या चित्रपटाने हा मासा जगभरच्या मुलांच्या परिचयाचा केला. घरात मासा आला की त्याचे घरही हवेसे वाटते, आणि मग समुद्रपुष्प येते.

ही हौस नवी नव्हे. १८४६ साली ॲना थिन नावाच्या इंग्रज बाईने टॉर्की येथून जिवंत पोवळी लंडनमध्ये नेली. पाण्यातला प्राणवायू संपू नये म्हणून ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत राहावे लागे, आणि हे काम रोज अर्धा-पाऊण तास घरची मोलकरीण करी. इतिहासात बाईंचे नाव राहिले, मोलकरणीचे राहिले नाही. या गोष्टीकडे आम्ही पुढे वळणार आहोत. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात मासे, गोगलगायी आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवून त्यांचा परस्परांवर निर्वाह चालतो, हे दाखविले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचे ‘दि ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि इंग्लंडातील सुखवस्तू कुटुंबांना समुद्रपुष्पांचे वेड लागले. गॉस हा धर्मशील आणि सृष्टीवर निरतिशय प्रेम करणारा मनुष्य. परंतु त्याची पुस्तके हाती घेऊन जे लोक किनाऱ्यावर लोटले, त्यांनी खडकांची डबकी ओरबाडून रिकामी केली. त्याचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७ साली आपल्या आत्मकथनात या विध्वंसाविषयी मनापासून हळहळ व्यक्त केली आहे. पित्याने प्रेमाने दाखविलेली वस्तू, पाहणाऱ्यांच्या प्रेमानेच नाहीशी व्हावी, हे नीतिशास्त्राच्या अभ्यासकाने विसरू नये असे उदाहरण आहे.

त्याच काळातले दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. स्कॉटलंडमधील सर जॉन डॅलियल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणून काचेच्या भांड्यात ठेवले. डॅलियल १८५१ साली वारले. समुद्रपुष्प जिवंत होते. ते प्राध्यापक फ्लेमिंग यांच्याकडे गेले, तेही गेले. मग डॉक्टर मॅकबेन, मग एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानातील सॅडलर, आणि शेवटी लिंडसे. लोक त्या प्राण्यास ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, म्हणू लागले. इतक्या वर्षांत तिने शेकडो पिलांस जन्म दिला, आणि १८८७ साली ती मेली. एकोणसाठ वर्षे तिचे पाणी कोणी ना कोणी बदलीत होते आणि शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा कोणी ना कोणी तिच्या तोंडाशी नेत होते. पाच पालक झाले; त्यांपैकी एकाचेही नाव तिला ठाऊक नव्हते, ठाऊक असणे शक्यही नव्हते.

आता बपेऱ्यातल्या एखाद्या घरी असे समुद्रपुष्प आणले, अशी कल्पना करू. दोनशे लिटरची काचपेटी घेतली तर तीत दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणाने सात किलो मीठ लागेल. तेही स्वयंपाकाचे नव्हे, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम आदी क्षार असलेले खास मिश्रण. पाणी मुरले पाहिजे. मलमूत्रातून होणारा अमोनिया प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये पालटणारे सूक्ष्म जंतू पेटीत वाढण्यास महिना-दीड महिना लागतो; आणि जाणते लोक तर समुद्रपुष्प आणण्यापूर्वी सहा महिने ते एक वर्ष थांबावे, असे बजावतात. उष्णमान २५ ते २७ अंशांच्या आसपास हवे. मे महिन्यात या मुलखात बाहेर ४५ अंश होतात. पाणी वाफेने उडते, मीठ मागे राहते, म्हणून खारटपणा वाढू नये याकरिता रोज गोडे पाणी घालावे लागते. दिवा मंद झाला तर शैवले खंगतात. उष्णता वाढली तर प्राणी त्यांस बाहेर टाकतो, पांढुरका पडतो आणि उपासमारीने आक्रसत जातो. जागा पसंत न पडल्यास तो सरपटत निघतो आणि पंपात सापडून चिंधड्या होतो. मेला, तर अख्ख्या पेटीचे पाणी नासवून सोबत्यांसही घेऊन जातो. आणि या सर्व व्यवस्थेचा प्राण विजेच्या तारेत असल्यामुळे, उन्हाळी वादळाने तार तुटली की पेटीतला समुद्र काही तासांत मरू लागतो.

एवढे समजल्यावर नैतिक प्रश्न सुरू होतो. त्यास तीन उत्तरे दिली जातात.

पहिले उत्तर असे की, ज्यास मेंदू नाही त्यास वेदना नाही, आणि ज्यास वेदना नाही त्याच्याविषयी कर्तव्य नाही. प्राणी हे केवळ यंत्र होत, हे देकार्तचे मत याच जातीचे. बेंथमने १७८९ साली या मतास असा छेद दिला की, प्राण्याला बुद्धी आहे की नाही हे विचारू नका, त्याला दुःख होते की नाही हे विचारा. परंतु समुद्रपुष्पापाशी येताच बेंथमची कसोटीही अडखळते, कारण दुःख होते की नाही हेच कळावयास मार्ग नाही. आपल्याकडील जैन विचार याहून सावध आहे. त्याने जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवर केली आणि ज्यास केवळ एकच इंद्रिय आहे त्यासही अहिंसेच्या कक्षेत घेतले. भारताच्या १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यातही ‘प्राणी’ म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी, अशीच व्याख्या आहे. शास्त्राचेही एक ताजे वृत्त लक्षात घेण्याजोगे आहे. स्वित्झर्लंडमधील फ्रिबोर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली असे प्रसिद्ध केले की, समुद्रपुष्पाची एक जात प्रकाश आणि सौम्य विजेचा धक्का यांची सांगड लक्षात ठेवते आणि पुढे नुसता प्रकाश दिसताच अंग आखडून घेते. यावरून त्यास वेदना होते असे सिद्ध होत नाही. परंतु ‘मेंदू नाही, म्हणून काहीच नाही’ हे अनुमान जितके पक्के वाटत होते तितके पक्के राहिले नाही, एवढे निश्चित.

दुसरे उत्तर असे की, समुद्रात त्यास शत्रू आहेत, वादळे आहेत. पेटीत ते सुरक्षित असते. आजीबाईंचा दाखला येथे हमखास दिला जातो. पण जी जगली तिचे चरित्र लिहिले गेले. जी प्रवासातच पिशवीत मेली, किंवा गिऱ्हाइकास भुरळ पडावी म्हणून व्यापाऱ्याने कृत्रिम रंगात बुडविली आणि मग प्रकाशाअभावी उपाशी मेली, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. शिवाय, तुझ्या कल्याणासाठीच तुला येथे ठेवले आहे, हे वाक्य जगातील प्रत्येक तुरुंगाच्या दारावर कोणी ना कोणी उच्चारलेले आहे.

तिसरे उत्तर, पाळूच नये, हे होय. याविषयी आम्हांस आदर आहे, परंतु ते पुरेसे वाटत नाही. समुद्रापासून दूर वाढलेल्या मुलाने आयुष्यात एकदा तरी ही अद्भुत रचना उलगडताना पाहावी, ही इच्छा क्षुद्र नव्हे. मुंबईस १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा कित्येक पिढ्यांनी पाण्याखालची सृष्टी प्रथम त्याच काचांतून पाहिली. आणि समुद्रपुष्पास हात न लावणारा मनुष्य त्याच्या मृत्यूपासून अलिप्त असतो, असेही नाही. समुद्र तापला की पोवळ्यांप्रमाणे समुद्रपुष्पेही पांढरी पडतात, आणि समुद्र तापविणारा धूर ज्यांनी समुद्र कधी पाहिला नाही त्यांच्याही चुलाण्यांतून, गाड्यांतून आणि वीजघरांतून निघतो.

मग निर्णय कसा करावयाचा? आमच्या मते, वरील तिन्ही उत्तरांत एक सामान्य दोष आहे. कर्तव्याचा उगम ती प्राण्याच्या अंगी शोधतात: त्यास वेदना आहे काय, सुख आहे काय, हक्क आहे काय? वस्तुतः या कर्तव्याचा उगम पाळणाऱ्याच्या कृतीत आहे. समुद्रात असताना या जीवाचा निर्वाह भरती-ओहोटीवर होता, सूर्यावर होता, वाहत्या पाण्यावर होता. आपण त्यास तेथून उचलले त्या क्षणी हे सर्व आधार तोडले आणि त्या जागी स्वतःस उभे केले. ज्याचे आधार आपण काढून घेतले त्याचा आधार होणे आपल्यावर आले. त्यास ते कळो वा न कळो.

यावर तार्किक मनुष्य म्हणेल की वचनास दोन पक्ष लागतात, एक देणारा आणि एक घेणारा. समुद्रपुष्प वचन कसे घेणार? आमचे उत्तर असे की व्रतास कोठे दुसरा पक्ष असतो? एकादशी धरणारा मनुष्य एकांतात चार दाणे तोंडात टाकील तर कोण तक्रार करणार? मरणाऱ्या आईस दिलेला शब्द मोडला तर तीही विचारावयास येत नाही. तान्हे मूल तर आपल्याला काय वचन मिळाले आहे हेही जाणत नाही. ज्याच्याकडून जाब विचारला जाण्याची शक्यता नाही, त्याच्यापाशी केलेला करार मनुष्य कसा पाळतो यावरूनच त्याचे शील कळते. ‘पाळणे’ या एकाच शब्दाखाली गाय आणि वचन ही दोन्ही का आली, त्याचा उलगडा आमच्यापुरता येथे होतो.

हे तत्त्व मान्य केल्यास काही गोष्टी आपोआप प्राप्त होतात. पहिली काळाची. मनुष्याची हौस दोन वर्षांत विटते आणि समुद्रपुष्प मनुष्याहूनही अधिक जगू शकते. म्हणून आपल्यामागे कोण, हा प्रश्न पेटी विकत घेण्यापूर्वी विचारला पाहिजे. डॅलियलच्या पश्चात चार पालक मिळाले, हे त्या प्राण्याचे भाग्य. पण पालकाने भाग्यावर विसंबून चालत नाही.

दुसरी गोष्ट सामग्रीची. समुद्रपुष्पांच्या काही जाती, विशेषतः शुंडकांच्या टोकांस फुगे असणारी जात, काचपेटीतच दुभागून वाढतात. क्लाउनफिशची पैदासही आता बंदिस्त जागेत होते. अशा घरच्या वंशातला जीव घेणे आणि खडकावरून उपटलेला जीव घेणे यांत महदंतर आहे. फिलिपाईन्समध्ये जेथे व्यापारासाठी वेचणी झाली तेथे समुद्रपुष्पे आणि त्यांचे मासे दोन्ही विरळ झाल्याचे अभ्यासकांस आढळले आहे. ज्या जातीची पैदास होत नाही ती मागू नये, हा नियम साधा आहे आणि पाळण्यास कठीण आहे, कारण दुर्मीळ वस्तूचीच हौस मनुष्यास अधिक असते.

तिसरी गोष्ट श्रमांची, आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी हीच सर्वांत अधिक विचारात घ्यावी. वचन एकाने द्यावे आणि ते दुसऱ्याने पाळावे, ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. हौस यजमानांची असते. पाहुण्यांस पेटी तेच दाखवितात. यजमान कामानिमित्त परगावी गेले की गोडे पाणी कोण घालते? रात्री वीज गेल्यावर पेटीतले पाणी भांड्याने ढवळीत कोण बसते? ॲना थिन यांच्या मोलकरणीचे काम आज बहुधा गृहिणीकडे आलेले असते, आणि तिला कोणी विचारलेले नसते. उन्हाळ्यात ज्या घरी बायकांना पिण्याचे पाणीही लांबून आणावे लागते, त्या घरी काचेतल्या समुद्रासाठी त्यांच्या डोक्यावर आणखी एक हंडा देणे हे भूतदयेच्या नावाखाली केलेले निर्दयपण होय. ज्याच्या श्रमावर व्रत चालणार त्याची संमती नसेल, तर ते व्रत नव्हे, वेठ आहे.

आणि आता भंडाऱ्याकडे वळू. या जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजांच्या काळी पाळी बांधून पाणी अडविले. मालगुजारीच्या काळात हे तलाव मालगुजारांचे असले तरी गावाचे निस्ताराचे हक्क त्यांवर होते आणि गाळ काढणे, पाळ राखणे ही कामे गाव करीत असे. या मुलखात तलावाच्या बांधास ‘पाळ’ म्हणतात, हा योगायोग असेल. पण आम्हांस तो सुखद वाटतो. भंडारा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि तलाव सरकारजमा झाले. मालकी बदलली ते योग्यच झाले. पण पाळण्याचे काम पुष्कळ ठिकाणी कोणाचेच उरले नाही. गाळ साचला, बेशरमीची झुडपे माजली, आणि झटपट वाढणारे परके मासे सोडल्याने देशी मासे हटले. म्हणजे पूर्वी जे पाळले जात होते, ते नंतर केवळ बाळगले गेले.

या स्थितीवर उपाय म्हणून पूर्व विदर्भातील ढीवर समाजाचे लोक, त्यांत विशेषतः स्त्रिया, ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेच्या साहाय्याने तलावांत उतरून हातांनी पाणवनस्पती लावीत आल्या आहेत. त्या वनस्पतींत हायड्रिला आहे, कुमुदाच्या जाती आहेत, आणि व्हॅलिस्नेरियाही आहे. वॉरिंग्टनने लंडनच्या काचभांड्यात जी लावली होती, तीच. वनस्पती आल्या की देशी माशांस अंडी घालण्यास आसरा मिळतो, पक्षी परततात. तलावातल्या माशालाही आपल्यास कोणी पाळीत आहे हे ठाऊक नसते.

या दोहोंपैकी एकच करावे, असे आम्ही म्हणत नाही. ज्या घरात थांबण्याचे धैर्य आहे, सर्वांची संमती आहे, मागे सांभाळणारा आहे आणि घरच्या वंशातला जीव मिळतो आहे, त्या घराने खुशाल समुद्रपुष्प पाळावे. तसेच पेटीत पाहण्यासारखे पुष्कळ असले तरी पेटीबाहेरचा समुद्र विसरू नये. वैनगंगेचे पाणी वर्धेस मिळून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. या मुलखातल्या खडकमातीचा क्षार युगानुयुगे त्याच वाटेने समुद्रास पोहोचत आला आहे, आणि आज त्याच वाटेने आपली घाणही जाते. तेव्हा बपेऱ्याचा मनुष्य पेटी विकत घेवो वा न घेवो, समुद्राशी त्याचा संबंध आहेच. तो पाळावयाचा की नुसता बाळगावयाचा, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे आहे, आणि त्याचे उत्तर घरच्या मोरीपासून आणि गावच्या तलावापासून द्यावयास आरंभ करता येतो.